बॉल हातात नसताना

एनबीए या अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या सामन्यात प्रत्येक संघाला साधारण शंभर पझेशन, म्हणजे बॉल ताब्यात घेऊन आक्रमण करायच्या संधी, मिळतात. सामना ४८ मिनिटांचा. ड्राफ्टमधून, म्हणजे संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीतून, नुकताच आलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, सगळं जमून आलं तर, सामन्याला २० मिनिटं खेळतो. म्हणजे तो कोर्टवर असताना त्याच्या संघाच्या आक्रमणाची ४२ पझेशन होतात. त्यातली किती त्याच्या हातून संपतात? सोबत दोन मोठे खेळाडू असतील तर ते दोघं मिळून ५५-५६ टक्के पझेशन स्वतःच संपवतात. उरलेल्या ४४ टक्क्यांत तिघं वाटेकरी. पोराच्या हिश्श्याला पंधराएक टक्के येतात. ४२चे १५ टक्के म्हणजे सहा.

सहा वेळा शॉट, फाउल किंवा चुकलेला पास. बाकी ३६ वेळा आक्रमणात तो कुठेतरी उभा असतो, कट मारत म्हणजे रिकाम्या जागेकडे अचानक धावत असतो, स्क्रीन लावत म्हणजे सोबत्याच्या डिफेंडरची वाट अडवत असतो. वर डिफेन्सची ४२ पझेशन आहेतच. ८४ मधली ७८ पझेशन अशी जातात, आणि तरुण खेळाडूची पारख करायची ती या ७८ची. कॉलेजात हाच पोरगा संघाची तिसेक टक्के पझेशन एकट्याने संपवत असतो, म्हणून यूट्यूबवर त्याचे जे तुकडे फिरतात ते सगळे बॉल हातात असतानाचे असतात. ते बघून मत बनवलं की पुढे फसगत होते.

व्हिडिओ बघायची रीत त्यामुळे वेगळी लागते. एकच सामना तीनदा बघावा. पहिल्यांदा बॉलच्या मागे, सगळे बघतात तसा. दुसऱ्यांदा फक्त त्या पोराकडे, बॉल कुठेही असो. तिसऱ्यांदा त्याला मार्क करणाऱ्या डिफेंडरकडे. ही तिसरी फेरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात खरी माहिती तिथेच असते. पोरगा कॉर्नरमध्ये उभा आहे आणि त्याचा डिफेंडर एक पाय पेंटमध्ये, रिंगसमोरच्या रंगीत चौकटीत, ठेवून निवांत उभा आहे, याचा अर्थ समोरच्या कोचने आपला निकाल आधीच लावलाय: याला शॉट मारू दे. असा खेळाडू वरच्या पातळीवर गेला की संघाच्या मुख्य खेळाडूला रिंगकडे जाताना समोर एकाऐवजी दोन माणसं दिसतात. उलट डिफेंडर हाताच्या अंतरावर चिकटून असेल, मदतीला जायला बिचकत असेल, तर त्या पोराने बॉलला हातही न लावता संघाला जागा करून दिलेली असते. स्कोअरशीटवर याची कुठेच नोंद होत नाही.

सामने निवडतानाही चोखंदळ असावं लागतं. पस्तीस पॉइंट मारलेला सामना बाजूला ठेवावा. एक सामना ताकदवान प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, एक परगावचा, ज्यात शॉट पडत नव्हते असा, आणि मोसमाच्या सुरुवातीचा एक नि शेवटचा एक. शेवटच्या दोघांमध्ये चार महिन्यांचं अंतर असतं. त्या चार महिन्यांत पोरगा काय शिकला, हे त्याच्या एकूण सरासरीपेक्षा जास्त बोलकं असतं.

डिफेन्समधलं एक पझेशन जवळून बघू. समोरचा संघ उजव्या बाजूला पिक-अँड-रोल खेळतोय, म्हणजे त्यांचा मोठा खेळाडू बॉलवाल्यासाठी स्क्रीन लावून मग रिंगकडे वळणार. आपला पोरगा डाव्या कॉर्नरच्या माणसाला मार्क करतोय, म्हणजे मदतीची पहिली जबाबदारी त्याची. स्क्रीन लागायच्या आधीच त्याने पेंटच्या कडेला एक पाय आणलेला हवा. मान सतत फिरती हवी, बॉल आणि आपला माणूस दोन्ही नजरेत. मोठा खेळाडू स्क्रीन सोडून रिंगकडे वळला की याने छातीने त्याच्या वाटेत उभं राहायचं, तेही त्याच्या हातात पास पडायच्या आधी. पास पडल्यावर पोचलं तर फाउल किंवा डंक. हे झालं की बॉल सुटतो तो थेट कॉर्नरला, आणि आता परत पळायचं. पहिली दोन-तीन पावलं लांब टाकायची, शेवटची आखूड आणि खुरडत, ढुंगण खाली, एक हात वर. आखूड पावलं टाकली नाहीत की शूटर शॉटची एक हूल देतो आणि हा त्याच्या बाजूने हवेत निघून जातो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत आटपतं. एका सामन्यात असे दहा-पंधरा प्रसंग येतात. त्यातल्या किती वेळा तो वेळेवर निघाला, एवढंच लिहायचं. पोचला का, हे नंतर. उशिरा निघून लांब उडीने पोचणारा पोरगा कॉलेजात चालून जातो, कारण तिथले पास सावकाश येतात.

इथे नियमांचा एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. एनबीएत डिफेंडरला पेंटमध्ये कुणालाही जवळून मार्क न करता तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. अमेरिकन कॉलेजात आणि फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांत हे बंधन नाही. त्यामुळे रिंगखाली तळ ठोकून ब्लॉक, म्हणजे हवेत अडवलेले शॉट, गोळा करणारा सात फुटी खेळाडू कॉलेजात भिंतीसारखा वाटतो, आणि वरती गेल्यावर त्याला सारखं आत-बाहेर करावं लागतं. त्याचे ब्लॉक मोजताना तो ब्लॉकच्या आधी कुठे उभा होता, हे बघावंच लागतं.

आता शूटिंग. सगळ्यात जास्त चुका याच खात्यात होतात, आणि त्याही आकडे समोर असताना. कॉलेजचा एक मोसम साधारण ३०-३५ सामन्यांचा. सामन्याला चार थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन पॉइंटचे शॉट, घेतले तर सगळे मिळून १२०-१४० प्रयत्न. एवढ्याशा प्रयत्नांत खरा ३५ टक्क्यांचा शूटर निव्वळ योगायोगाने ३१ टक्केही दाखवू शकतो आणि ३९ टक्केही. चार टक्के इकडे-तिकडे होणं हा तिथला नेहमीचा हेलकावा आहे. ३१ वाल्याला ‘शूटर नाही’ आणि ३९ वाल्याला ‘स्पेशालिस्ट’ म्हणून मोकळं होणं म्हणजे नाण्याच्या छापा-काट्यावर करोडोंचा करार करणं.

म्हणून जाणकार फ्री थ्रोकडे, फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटकडे, बघतात. अंतर तेच, समोर कोणी नाही, घाई नाही. हाताचं वळण कसं आहे ते तिथे उघडं पडतं. २०१७चा ड्राफ्ट या बाबतीत शिकण्यासारखा आहे. मार्केल फुल्ट्झने वॉशिंग्टन विद्यापीठात थ्री ४१ टक्के मारले होते, पण फ्री थ्रो जेमतेम ६५ टक्के. जेसन टेटमचे ड्यूकमध्ये थ्री ३४ टक्के आणि फ्री थ्रो ८५ टक्के. बोस्टनकडे निवडीचा पहिला क्रमांक होता. तो त्यांनी फुल्ट्झ हवा असलेल्या फिलाडेल्फियाला दिला, तिसरा घेतला, वर भविष्यातला एक पहिल्या फेरीचा हक्क पदरात पाडला, आणि तिसऱ्या क्रमांकावर टेटमला निवडलं. पहिल्याच मोसमात टेटमने ४३ टक्के थ्री मारले. फुल्ट्झचं मात्र सगळं फ्री थ्रोवर ढकलणं अन्यायाचं होईल. त्याला पुढे थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं निदान झालं. खांद्याजवळची नस दबते, त्यात कोणाचाही शॉट मोडेल. तरीही ६५ टक्क्यांचा तो आकडा आधीच कागदावर होता, आणि त्याने ४१च्या आकड्यावर शंका घ्यायला लावायला हवी होती.

अंतराचा प्रश्नही असतो. कॉलेजची थ्रीची रेषा २०१९ पासून ६.७५ मीटरवर गेली, फिबाइतकीच. एनबीएची वरच्या बाजूला ७.२४ मीटर. जवळजवळ अर्धा मीटर जास्त. व्हिडिओत बघायचं ते हे, की पोरगा चुकतो तेव्हा बॉल कुठे लागतो. रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडत असेल तर पायांचा जोर कमी पडतोय. वजन-व्यायामाने नि वयाने तो बराचसा भरून येतो. डावी-उजवीकडे सुटत असेल तर दोष कोपरात किंवा बोटांत आहे, आणि त्याला वेळ लागतो. त्यातही पायांची मांडणी महत्त्वाची. पास येताना पाय आधीच रिंगकडे वळलेले आहेत, की पास घेऊन मग वळतात? तो अर्धा सेकंद कॉलेजात कोणी हिरावून घेत नाही. एनबीएत घेतातच.

हॅलिबर्टनसारखी उदाहरणं मात्र सौंदर्याच्या मोहातून बाहेर काढतात. टायरीस हॅलिबर्टनचा शॉट छातीसमोरून ढकलल्यासारखा, पुस्तकी प्रशिक्षकाला बघवणार नाही असा. पण आयोवा स्टेटमध्ये त्याने दोन मोसम चाळीस टक्क्यांहून जास्त थ्री मारले आणि प्रत्येक शॉट त्याच ठिकाणाहून, त्याच लयीत सुटत होता. दिसायला वाकडा पण दरवेळी तसाच वाकडा असलेला शॉट चालतो.

शरीराच्या मापांबद्दल थोडक्यात. दरवर्षी मे महिन्यात शिकागोत ड्राफ्टआधीच्या मोजमापांचं कंबाइन होतं. बिनबुटांची उंची, पसरलेल्या हातांची लांबी म्हणजे विंगस्पॅन, उभ्याने हात वर करून पोचणारी उंची, उडी, पेंटभोवतीची धाव. यात उंचीला बाहेरचे लोक फार भाव देतात. रिंग ३.०५ मीटरवर असते आणि तिथे डोकं पोचवायचं नसतं, हात पोचवायचा असतो. मान लांब असेल तर माणूस उंच दिसतो, हात तिथेच राहतो. पण मापं ही दार उघडायला असतात, दार लावायला नव्हे, असं मला वाटतं. डेसमंड बेनचा विंगस्पॅन त्याच्या उंचीपेक्षाही कमी भरला, शिवाय चार वर्षं कॉलेज खेळून तो बाविशीत आलेला. २०२०च्या ड्राफ्टमध्ये तो ३० क्रमांकापर्यंत घसरला आणि मेम्फिसला एक पक्का शूटर स्वस्तात मिळाला. पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला. पाय जड, उडी नाही. त्याचे पास ज्यांनी पाहिले होते त्यांनाही एवढं मोठं काही निघेल असं वाटलं नव्हतं.

वय मात्र मी मापांच्या वर ठेवेन, आणि तेही महिन्यांत मोजेन. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला १८ वर्षं ४ महिन्यांचा पोरगा आणि १९ वर्षं ८ महिन्यांचा पोरगा एकाच रांगेत उभे असतात. सोळा महिन्यांचा फरक, तोही त्या वयात, जेव्हा खांदे रुंद होत असतात. दोघांच्या सरासऱ्या सारख्या असतील तर ते दोघं सारखे नाहीत.

आता प्रश्न असा, की पोरगा चांगला आहे हे ठरलं, पण आपल्या संघात बसेल का? ‘फिट’ या शब्दाने जितके संघ बुडवले तितके वाईट शूटिंगने बुडवले नसतील. १९८४ मध्ये पोर्टलंडकडे दुसरा क्रमांक होता. त्यांनी सॅम बोवीला निवडलं, कारण सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, हवा होता आणि गार्डच्या, म्हणजे बाहेरून खेळणाऱ्याच्या, जागेला वर्षभरापूर्वीच क्लाइड ड्रेक्सलर मिळालेला होता. बोवीचे कॉलेजातले दोन मोसम पायाच्या हाडापायी वाया गेले होते. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने गार्डच असलेल्या मायकल जॉर्डनला घेतलं. २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर अठरा वर्षांचा डार्को मिलिचिच घेतला. कार्मेलो अँथनीला सोडला, कारण त्या जागी टेशॉन प्रिन्स होता. त्यामागून ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड गेले. डेट्रॉइटने पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवलं, पण त्या मोसमात मिलिचिचला सामन्यामागे पाच मिनिटंही मिळाली नाहीत. १८ वर्षांच्या पोराला जिंकायला निघालेल्या संघाच्या बाकावर बसवून ठेवणं म्हणजे रोप सावलीत ठेवून फळाची वाट बघणं.

दोन्ही ठिकाणी ‘फिट’ म्हणजे रिकामी जागा असं समजलं गेलं. सेंटर नाही, सेंटर घ्या. फिट म्हणजे काय, हे मला गोल्डन स्टेट या संघाच्या दोन निवडींमधून सगळ्यात स्वच्छ दिसतं.

२०२० मध्ये त्यांच्याकडे दुसरा क्रमांक होता. त्यांनी जेम्स वाइजमनला घेतलं. सात फूट, धावणारा, उडी मारणारा. कॉलेजात मात्र तो जेमतेम तीन सामने खेळलेला. आणि गोल्डन स्टेट कसं खेळतं? ठरलेल्या चाली कमी, समोरचा डिफेन्स वाचून खेळणं जास्त. त्यांचा मुख्य शूटर स्टेफन करी बॉल सोडतो आणि पळायला लागतो. दोन डिफेंडर त्याच्या मागे जातात, आणि बॉल ज्याच्या हाती आहे त्या मोठ्या खेळाडूला एका क्षणात ठरवावं लागतं: परत हँड-ऑफ द्यायचा, म्हणजे करीच्या हातात बॉल ठेवायचा, मागून कट मारणाऱ्याला द्यायचा, की स्वतः जायचं. ड्रेमंड ग्रीन, २०१२ चा ३५ वा, मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं घासून आलेला, हे डोळे मिटून करतो. तीन सामन्यांच्या शिदोरीवर आलेल्या पोराला हे जमावं अशी अपेक्षाच चुकीची होती. त्याची पावलं अर्धा ठोका मागे पडायची. दोष बुद्धीचा नव्हता, सरावाचा होता. मग गुडघ्याचं मेनिस्कस फाटलं, २०२१-२२ हा अख्खा मोसम गेला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला डेट्रॉइटला धाडलं. त्याच्यामागून लगेच तिसरा गेलेला लामेलो बॉल २०२०-२१ मोसमाचा सर्वोत्तम नवखा ठरला, आणि वाचनात तयार असलेला हॅलिबर्टन बाराव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता.

त्याच संघाने २०१५ मध्ये ३० व्या क्रमांकावर केव्हन लूनी घेतला होता. उडी बेताची, सुरुवातीच्या काळातच कमरेच्या सांध्यांची ऑपरेशनं झालेली. पण स्क्रीनचा कोन कुठे बदलायचा, करीचा डिफेंडर कुठल्या बाजूने येणार आणि शॉट चुकला तर बॉल कुठे पडणार, हे त्याला आधी कळायचं. २०२१-२२ मध्ये तो ८२ च्या ८२ सामने खेळला. मेम्फिसविरुद्ध प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीच्या, सहाव्या सामन्यात त्याने २२ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे बॉल, काढले. त्या वर्षी विजेतेपद आलं. लूनी दुसऱ्या एखाद्या संघात, जिथे सेंटरकडून उंच लॉब पकडून डंक मारायची अपेक्षा असते, तिथे दोन वर्षांत घरी बसला असता. वाइजमनला लॉब फेकणारा गार्ड आणि हरायची मुभा असलेला संघ मिळाला असता तर त्याची गोष्ट वेगळी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा फिट बघताना तीन गोष्टी तपासाव्यात. संघ किती वेगाने निर्णय मागतो, आणि पोराचा आजचा वेग किती. पहिल्या दोन वर्षांत त्याला मिनिटं नेमकी कुठून मिळणार. नावानिशी सांगता आलं पाहिजे, कोणाची मिनिटं कापून. आणि त्याची जी एक उणीव आहे ती झाकणारा माणूस शेजारी आहे का. दुसऱ्या मुद्द्यामागे कराराचं घड्याळ आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, त्यातली पहिली दोन पक्की. तिसऱ्या वर्षाचा हक्क संघाला दुसरा मोसम सुरू होतानाच, ३१ ऑक्टोबरपर्यंत, बजावावा लागतो. म्हणजे एका मोसमाच्या आधारावर निर्णय. बाकावर बसवून ठेवलेल्या पोराबद्दल तेव्हा संघाला काहीच कळलेलं नसतं.

जागेची गर्दी झाली की आधी कौशल्य घ्यावं, मग वाट काढावी. सॅक्रमेंटोकडे डीआरन फॉक्स असताना त्यांनी हॅलिबर्टन घेतला. दोघांनाही बॉल हातात हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी हॅलिबर्टन इंडियानाला देऊन डोमांतास साबोनिस आणला. त्यावर पुष्कळ टीका झाली. २०२३ मध्ये सॅक्रमेंटो सोळा मोसमांनंतर प्लेऑफमध्ये पोचलं, आणि २०२५ मध्ये हॅलिबर्टनचं इंडियाना अंतिम फेरीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये हेच दोन संघ खेळले होते, तेव्हा साबोनिस इंडियानाकडे होता आणि फॉक्स सॅक्रमेंटोकडे. ज्यांनी ते सामने पाहिले असतील त्यांना साबोनिसचे फ्री थ्रोच्या रेषेजवळून सुटणारे पास आठवत असतील. फॉक्सला नेमकं तेच लागत होतं.

लूनी ज्या ड्राफ्टमध्ये तिसावा गेला त्याच २०१५च्या ड्राफ्टमध्ये ५२ वा होता सतनामसिंग भामरा, पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. लुधियानाची अकादमी, मग चौदाव्या वर्षी फ्लोरिडा, आणि कॉलेज न खेळता थेट ड्राफ्ट. भारतात जन्मलेला निवडला गेलेला तो पहिला. डॅलसने घेतला, पण एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तो आला त्याच महिन्यात गोल्डन स्टेट ग्रीनला सेंटरला खेळवून विजेतेपद घेऊन गेलं होतं, आणि रिंगजवळ डिफेंडरला पाठ टेकवून खेळणाऱ्या मोठ्या माणसाचं काम झपाट्याने आटत चाललं होतं.

आपल्याकडे नागपाड्यात असो की डेक्कनवर, शाळेच्या संघात बारा-तेरा वर्षांचं उंच पोरगं आलं की त्याला रिंगखाली उभं करायचा मोह होतो, कारण तिथे सामना लगेच जिंकता येतो. त्याऐवजी त्याला आठवड्यातून दोन दिवस एल्बोवर, फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाला, उभं करा. पास मिळाल्यावर बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर, ड्रिबल बंद. दोन जण कट मारणार, एक डिफेंडर मधे लोंबकळणार. दोन सेकंदांत पास सुटला पाहिजे. वीस पझेशन खेळवा आणि वहीत तीनच रकाने पाडा: बरोबर पास, बरोबर पण उशिरा, चुकीचा. सुरुवातीला दुसरा रकाना सगळ्यात भरलेला असेल. तो रिकामा व्हायला लागला की दुसरा डिफेंडर घाला, आणि वीस पझेशन पुन्हा पहिल्यापासून मोजा.